पेटीतला माणूस

"त्याला इचारल्याबिगर मी अंगठा देनार न्हाय."

"कुनाला?"

"समोरच्या माडीवरच्या पेटीतल्याला," विजयमाला म्हणाली.

हिंदुरावानं कपाळावर हात मारला. बारामतीच्या नोंदणी कचेरीच्या पायरीवर हे बहीणभाऊ चौथ्या दिवशी बसले होते. त्याच्या हातात हक्कसोडपत्र होतं, तिच्या मांडीवर त्यानं आणलेलं नवं लुगडं. कोऱ्हाळ्याच्या कालव्याखालच्या बापाच्या रानातला वाटा सोडायचा आणि लुगडं नेसायचं, अशी रीत. नवऱ्यानं टाकल्यापासून विजयमाला भावाच्या गोठ्यात शेण काढत होती. रान गेलं की उरलं फक्त शेण.

साल सत्त्याण्णव. तीन दिवस नंबर लागला नव्हता. तेवढा वेळ तिनं माडीवर काढला. तिथल्या क्लासात हिंदुरावाची लेक उत्कर्षा कॉम्प्युटर शिकायची. आत्या बोलायची, पोर टाइप करायची आणि पडद्यावरचं उत्तर वाचून दाखवायची.

"भाऊ रान मागतोय."

"त्याबद्दल आणखी सांगा."

"जीव न्हाय लागत माजा."

"तुम्हाला तसं का वाटतं?"

पेटीतून उत्तरं देणारा कुणी शिकलासवरला, पोक्त माणूस भिंतीपल्याड बसला असणार, हे तिनं धरूनच टाकलं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी भाकरी-ठेचा बांधून आणला. उत्कर्षाला खरं सांगवेना. भाकरी तिनंच खाल्ली.

आता हिंदुरावानं बहिणीला दंडाला धरून माडीवर नेलं. "मोहनराव, दावा हिला काय हाय आत ते!"

क्लासच्या मोहनरावांनी एक कागद पुढं केला. "मावशी, आत कुनी न्हाय. मीच लिवलेली बारा वाक्यं हायती. तुमी बोलला की त्यातलं एक पुढं येतं."

"बारा!" हिंदुराव खदखदून हसला. "आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येनार? येडे, खोक्याम्होरं रडत बसलीस व्हय गं?"

क्लासातली पोरंही हसली. विजयमालाचं तोंड लालबुंद झालं. तिनं पडद्यावर एक चापट हाणली.

"मुडद्या, मग माजी भाकर कुनी खाल्ली?"

उत्कर्षानं मान खाली घातली. पडद्यावर त्या बारांतलंच एक वाक्य होतं.

"काय लिवलंय?"

"तुम्हाला काय हवं आहे?" उत्कर्षा पुटपुटली.

"झाली न्हवं खात्री? चल, उरक," हिंदुराव म्हणाला.

"दादा, ह्यात मानूस न्हाय, कबूल. पर मला काय पायजे, ते तू कवा इचारलंस?"

"त्यात काय इचारायचंय?"

हिंदुराव खरोखर बुचकळ्यात पडला होता. मग तिनं काखेतलं लुगडं कॉम्प्युटरवर टाकलं.

"ह्यालाच नेसव. ह्यो न्हाय म्हननार न्हाय."

"घरात पाय ठिवू देनार न्हाय मी!"

"घरात कोन येतंय? रानात खोप घालीन. वाटा हाय माजा."

ती खाली उतरली. समोर कचेरीच्या दारात शिपाई तिच्याच नावाचा पुकारा करत होता. चार दिवसांनी नंबर लागला होता. विजयमाला त्याच्यासमोरून कोऱ्हाळ्याच्या एसटीकडं निघून गेली.