वरचं त्याचं, खालचं तिचं

आमच्या गावच्या वर्तमानपत्रात परवा ‘टॉलेफसन कपकेक्स’चा इतिहास छापून आला. अर्धं पान, वर रंगीत फोटो. त्यात दुकानाचा पत्ता तेवढा बरोबर होता. ‘दोन कलाकारांची अनोखी संकल्पना’ हे वाचून कॉफी माझ्या नाकात गेली. म्हणून खरं काय ते सांगते. कर्ट टॉलेफसन माझा धाकटा भाऊ आणि डार्लीन माझी भावजय. लोक माजी भावजय म्हणतात. पण घटस्फोट त्यांचा झाला, मला कुणी विचारलंही नाही, त्यामुळे मी तिची नणंद होते ती आहेच.

दुकान काढलं तेव्हा दोघांचं बरं चाललं होतं. डार्लीन केक भाजायची, कर्ट त्यावर क्रीम घालायचा. तिचा केक ओव्हनमधून निघायचा तो मधोमध फुगून वर आलेला, गोल घुमटासारखा. आमच्या जिल्ह्याच्या जत्रेत त्या घुमटाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकबाईंनी जाता जाता बोटभर क्रीम चाखलं आणि म्हणाल्या, “क्रीम ठीक आहे.” ते ‘ठीक’ कर्टच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर त्या घरात एकच प्रश्न उरला: लोक येतात ते केकसाठी, की क्रीमसाठी?

आता आमच्या टर्टल बेंडमध्ये, आणि माझ्या मते सगळ्या विस्कॉन्सिनमध्येच, नवरा-बायको भांडत नाहीत. ते हवामानावर बोलतात. दोन वर्षं ती दोघं हवामानावरच बोलली आणि मग वकिलाकडे गेली.

वकील ब्रँटनर यांच्या कचेरीत साक्षीदार म्हणून मला बसवलं होतं.

“दुकान तू ठेव,” कर्ट म्हणाला.

“छे, तूच ठेव,” डार्लीन म्हणाली.

“अगं, तुझंच आहे ते.”

“असं कसं? तू घे ना.”

जेवणाची वेळ टळली तरी हेच चाललं होतं. दुकान दोघांनाही जिवापाड हवं होतं. पण ‘मला हवं’ असं तोंडाने म्हणायचं म्हणजे आमच्याकडे फारच उद्धटपणा झाला. ब्रँटनर मूळचे शिकागोचे, त्यांना यातलं काही कळेना. शेवटी भुकेने कावून त्यांनी स्वतःच लिहून टाकलं. खालचा केक डार्लीनचा, वरचं क्रीम कर्टचं. ज्याने त्याने आपलं काम स्वतःच्या हाताने करायचं, दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. आणि एखाद्याला सलग महिनाभर आपलं काम करता आलं नाही, तर अख्खं दुकान दुसऱ्याचं.

“चालेल की,” दोघंही म्हणाली आणि सही केली. समोरच्याने इतक्या सहज सही केली म्हणून दोघंही दुखावली.

मग कर्टने दुकानात मधोमध लाकडी भिंत घातली. फळी ठोकताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो, ते टोक डार्लीनने धरलं. भिंतीत दार ठेवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणजे सुचलं असेल, पण आधी कोण बोलणार? त्यामुळे केकचे ट्रे डावीकडच्या दाराने बाहेर काढून, फुटपाथवरून उजवीकडच्या दाराने आत न्यायचे असं ठरलं. न्यायचे कुणी, तर मी. मी नुकतीच शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले होते आणि दोघांचाही माझ्यावर सारखाच अविश्वास होता.

जानेवारीत आमच्याकडे नाकातला श्वास गोठतो. त्या थंडीत मी बर्फात घालायचे बूट चढवून ट्रे पोचवत असे. त्याचा एक फायदा असा झाला, की केक क्रीम घालण्याआधी पुरता गार होऊ लागला आणि क्रीम वितळेनासं झालं. मॅडिसनहून एक टीव्हीवाली बाई आली, तिने हे सगळं बघितलं आणि डोळे पुसत ‘थंडीतला प्रवास’ असं काहीतरी म्हणाली. त्यानंतर दुकानासमोर रांग लागायला लागली. लोक माझे फोटो काढत. मी टोपी नीट करून घेत असे.

निरोपही मीच पोचवायचे.

“तिला सांग, आजचे केक जरा कोरडे आहेत.”

“त्याला सांग, त्याची जीभ कोरडी झाली असेल.”

मी इकडे-तिकडे पोचवताना थोडं साखरेत घोळून सांगायचे. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी थेट एक शब्द बोलली नाहीत. पण रोज सकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंचे दिवे मात्र एकाच वेळी लागायचे.

मग एका मार्चमध्ये कर्टला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पायही सुधारले. उजवा हात तेवढा जागेवर आला नाही. तो दवाखान्यात होता तेव्हा आम्ही बिनक्रीमचे केक विकले. लोकांनी ते गुमान विकत घेतले आणि ‘वेगळे लागतात हो’ म्हणाले. आमच्याकडे ‘वेगळं’ म्हणजे भयंकर.

महिना भरायला थोडे दिवस होते तेव्हा कर्ट परत दुकानात आला. क्रीम पिळून घालायच्या पिशवीवर पकड हवी, ती त्याला जमेना. मग त्याने डाव्या हातात सुरी घेतली आणि क्रीम थापायला सुरुवात केली. पण त्या घुमटावर क्रीम ठरेल तर ना! इकडून थापलं की तिकडून घसरे. संध्याकाळपर्यंत ट्रेमध्ये गुलाबी चिखल झाला होता. कर्ट स्टुलावर बसला होता आणि त्याच्या कोपरापर्यंत क्रीम माखलं होतं.

“उद्या जमेल,” मी म्हटलं.

“हो,” तो म्हणाला. “उद्या ऊनही पडणार आहे म्हणे.”

तो हवामानावर बोलला तेव्हा मी काय ते समजले. दुकान गेलं, तर त्याच्याकडे टीव्ही आणि मी एवढंच उरणार होतं, आणि मी त्याला फारशी आवडते असं नाही.

तो चिखल फेकायला मी मागच्या बाजूला गेले, तर तिथे डार्लीन कचऱ्याचा डबा लावत उभी. तिने ट्रेकडे बघितलं आणि डब्याचं झाकण उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी वकील ब्रँटनर डार्लीनकडे आले. मी तिथे ट्रे घ्यायला उभी होते.

“मिसेस टॉलेफसन, घसरलेलं क्रीम हे काही क्रीम धरता येत नाही,” ते म्हणाले. “क्रीम केकवर टिकायला हवं. येत्या शुक्रवारी महिना भरतो. त्यानंतर सगळं दुकान तुमचं.”

“अस्सं,” डार्लीन म्हणाली. “वकीलसाहेब, कॉफी घेणार?”

“तुम्हाला आनंद नाही झाला?”

“झाला की. दूध घालू?”

मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. इतकी वर्षं मी दोघांना सारखंच मानत आले होते, पण त्या दिवशी तिचा मनापासून राग आला.

दुसऱ्या सकाळी ट्रे घ्यायला गेले, तर केक सपाट. एकालाही घुमट नाही. बघते तर डार्लीन नुकत्याच निघालेल्या गरम केकवर ओला पंचा टाकून, एकेक केक तळहाताने हलकेच दाबत होती. ज्या घुमटासाठी तिने संसार मोडला, तो ती स्वतःच्या हाताने खाली बसवत होती. तळवा लालभडक झाला होता.

“डार्लीन, हे काय करतेस?”

“ओव्हन बिघडलाय.”

“अगं, तू दाबते आहेस ते! मी बघतेय ना!”

“ओव्हन बिघडलाय, मार्लिस. ट्रे ने. आणि तिकडे काही बोललीस तर बघ.”

मी ट्रे नेला. फुटपाथवर मला रडू आलं. थंडीने डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे रांगेतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

सपाट केक बघून कर्ट आधी खूशच झाला.

“काय गं, घुमट कुठे गेला बाईंचा?”

“ओव्हन बिघडलाय म्हणे.”

“आता कळेल लोकांना, कशासाठी येतात ते!”

असं म्हणत त्याने डाव्या हाताने सुरी फिरवली. क्रीम बसलं. जरा वेडंवाकडं, पण बसलं आणि घसरलं नाही. दुसऱ्यावरही बसलं. तिसऱ्यावर क्रीम लावून झाल्यावर त्याने सुरी खाली ठेवली. एक बिनक्रीमचा केक उचलला, डोळ्यांसमोर धरला, वरून बोट फिरवलं. कर्टने केकच्या दुकानात आयुष्य काढलंय. ओव्हन बिघडला की केक मधून खचतो, असा टेबलासारखा सपाट होत नाही.

त्याने केक जपून ट्रेमध्ये परत ठेवला. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

“दुरुस्तीला कुणाला बोलावलंय का तिने?” त्याने विचारलं.

“नाही.”

त्याने आधी ट्रेमधले सगळे केक क्रीम लावून पुरे केले. मग फडताळाखालून हत्यारांची पेटी ओढून डाव्या हातात घेतली आणि पाय ओढत, फुटपाथवरून, रांगेला ‘माफ करा, माफ करा’ म्हणत डावीकडच्या दाराने आत गेला. मीही मागोमाग गेले.

डार्लीन ओव्हनपाशी उभी होती. ती बाजूला सरकली. कर्ट ओव्हनसमोर गुडघ्यावर बसला, त्याला त्यात बराच वेळ लागला. मदत कुणी केली नाही, कारण त्याला ती आवडली नसती. त्याने दार उघडलं, मिटलं. रबराची कड चाचपली. तापमानाचा काटा बघितला. आत हात घालून उष्णता अजमावली. ओव्हन ठणठणीत होता. मग त्याचं लक्ष बाजूच्या ओल्या पंच्याकडे गेलं आणि तिथून डार्लीनच्या हाताकडे. तिने हात ॲप्रनच्या खिशात घातला.

“बिघडलाय खरा,” कर्ट ओव्हनला उद्देशून म्हणाला. “मोठं काम आहे. एका दिवसात होणारं नाही. रोज यावं लागेल.”

मी सवयीने डार्लीनकडे वळले. ‘तो म्हणतोय’ म्हणायला तोंड उघडलं, तर ती माझ्याकडे बघतच नव्हती.

“सहाला ये,” ती त्याला म्हणाली. “नंतर गर्दी होते.”

याला आता तीन वर्षं होतील. ओव्हन अजून दुरुस्त झालेला नाही.