संशय सगळ्यांवर, हिरडी सोडून

मी एक जुनी हिरडी आहे, एका शिंप्याच्या समोरच्या दाताला घट्ट धरून बसलेली. मित्रांनो, दात हसतो, मिरवतो, फोटोत येतो. मी दिसले की लोक म्हणतात, "तोंड मीट!"

तरुणपणी मी गुलाबी होते. मालक हाताशी कात्री असूनही दोरा दातानेच तोडायचे. ते हिसके मी हूं की चूं न करता सोसले. पण दाताच्या बुडाशी किटण साचलं, मी सुजले. ब्रश करताना रक्त दिसलं, तर मालकांनी ब्रशच फेकून दिला. "हाच मेला बोचतो!"

ब्रश गेला, रोग गेला, अशी त्यांची समजूत. मग पांढऱ्या कपड्यांवर लाल ठिपके दिसायला लागले.

पहिला संशय मशीनवर. दुसरा काज-बटण करणाऱ्या मेहुण्यावर.

"सुई टोचून घेतोस आणि माझं नाव घालवतोस!"

"भावजी, ही बघा बोटं, एक ओरखडा नाही!"

मालकांनी त्याला हातमोजे घालायला लावले. बिचाऱ्याने बटणाबरोबर मोजाही शर्टाला शिवून टाकला. मालक भडकले, "आता एक ठिपका दिसू दे, कायमचा घरी बसवतो!"

त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आपला पांढरा कोट न्यायला आल्या. कॉलरचा शेवटचा दोरा मालकांनी त्यांच्यासमोरच दाताने तोडला. कॉलरवर ठिपका! मालक गर्रकन मेहुण्याकडे वळले. तो तर पार दारात उभा.

"त्याला काय ओरडता? तोंड उघडा," बाई म्हणाल्या. "दात चांगला आहे हो, पण हिरडी सुजलीय. असंच चाललं तर दात हलायला लागेल."

"बाई, शिलाईचे पैसे माझ्याच तोंडातून वसूल करणार वाटतं?"

आतून मालकीणबाई कडाडल्या, "अहो, मशीनवर संशय घेतलात, माझ्या भावावर घेतलात. आता जरा स्वतःच्या तोंडावर घ्या!"

डॉक्टरीणबाईंनी किटण काढलं. मऊ ब्रश आला. सुरुवातीला थोडं रक्त यायचं, मालक ब्रशकडे डोळे वटारून बघायचे, पण सोडला नाही त्यांनी. हळूहळू मी सावरले. मेहुण्याचं काम वाचलं. माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.

मित्रांनो, रक्त दिसलं तर ब्रशला हाकलू नका. हलक्या हाताने फिरवा, डॉक्टरांना दाखवा. आम्ही हिरड्या फारशा दुखत नाही, म्हणून दात हलेपर्यंत आमचं नाव कुणाच्या डोक्यात येत नाही. तेव्हा रोज आरशात बघून माझ्यावर खुशाल संशय घ्या. मला मुळीच राग येणार नाही.