बिअर चांगली झाली तेव्हा

संजयची बिअर वाईट होत होती तोवर मी निवांत झोपत होते. पहिल्या बॅचला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. दुसरी इतकी फसफसली की निम्मी छताला लागली. तिसरी पिऊन त्याच्या ऑफिसमधला राहुल "डिफरंट आहे" म्हणाला आणि उरलेला ग्लास त्याने हळूच सिंकमध्ये ओतला. मी मनात म्हटलं, कंटाळेल आणि सोडेल. चौथी चांगली झाली आणि माझी झोप उडाली.

हे खूळ कॅनडातलं. गेल्या उन्हाळ्यात नणंदेकडे गेलो होतो. तिच्या गावात एक दुकान आहे, तिथे गिऱ्हाईक आपली बिअर आपणच बनवतं. भांडी त्यांची, सामान त्यांचं. आपण ढवळायचं आणि काही आठवड्यांनी जाऊन बाटल्या भरून आणायच्या. संजयने तिथे एकदा ढवळलं, आणि दुबईला घरी परतल्यावर माझ्या स्वेटरांच्या घड्यांत बिअरच्या माल्टच्या पिशव्या निघाल्या. तिथे ती हौस होती. इथे दुकानातून रीतसर विकत आणलेली चालते, पण घरी बनवली तर पोलीस, कोर्ट आणि मग परतीचं तिकीट. इतकी वर्षं इथे पाइप विकणाऱ्या माणसाला हे मी सांगायला हवं होतं का?

आमचा फ्लॅट दुबईच्या ऊद मेथा भागात. मी सायन्स शिकवते ती शाळा चालत जाण्याइतकी जवळ, मुलगी मिहिका त्याच शाळेत बारावीला. मुलगा कैवल्य नुकताच नोकरीला लागलेला, जन्मच इथला. त्याला "परत" पाठवलं तर तो नेमका कुठे जाणार, हा विचार मला भाजी चिरताना यायचा आणि सुरी तशीच हातात राहायची. आणि या सगळ्या संसाराच्या मुळाशी, मोलकरणीच्या खोलीत, जिथे आम्ही कधी मोलकरीण ठेवली नाही, एक झाकणाची निळी बादली बुडबुडत बसलेली.

समोरच्या फ्लॅटमधल्या खतीजाने एकदा नाक वर करून विचारलं, हा वास कसला? मी पटकन इडलीचं पीठ म्हणून सांगितलं. तिला ते इतकं पटलं की ती दर आठवड्याला डबा घेऊन पीठ मागायला येऊ लागली. जन्मभर विकतचं पीठ आणणारी मी, एक थाप निभवायला शाळेतून येऊन तांदूळ-उडीद वाटू लागले. एसीवाले सर्व्हिसिंगला आले की बादलीवर चादर टाकायची, चादरीवर इस्त्रीचे कपडे रचायचे आणि ते जाईपर्यंत तिथेच उभं राहायचं. "मॅडम, आप बैठो ना," ते म्हणायचे. बसवतंय कोणाला!

चौथी बॅच झाली तेव्हा राहुल आणि त्याची बायको ममता जेवायला आले होते. मीही एक घोट घेतला. खोटं कशाला बोलू, छान होती. राहुलने ग्लासचा फोटो काढला आणि घरी पोचायच्या आत मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला: "संजयभाऊंची होममेड, विकतची हिच्यापुढे फिकी." ग्रुपवर तीनेकशे माणसं. खाली कोणा अर्शचा मेसेज आला, "भाई, कहाँ मिलेगा?" हा अर्श कोण, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी राहुलला फोन करून ग्रुपवरून फोटो काढून टाकायला लावला. तो हसत होता. पण ज्यांनी बघायचा त्यांचा तो बघून झाला होता. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी दाराच्या भिंगाला डोळा लावायचे. बेल वाजली की आधी मिहिकाला आत पाठवायचे, जणू काय ती तिथे वाचणार होती.

संजयने तोवर पुढची बादली भरली होती. ती ओतून टाक म्हणून मी विनवलं, भांडले, अबोला धरला. तो एवढंच म्हणाला, "कुंदा, अख्खं करिअर दुसऱ्यांनी बनवलेला माल विकण्यात गेलं. हे एक मी बनवलंय." कैवल्य फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "मॉम, चिल. नोबडी केअर्स." ज्याला स्वतःचा व्हिसा कधी संपतो हे ठाऊक नाही, तो मला हे सांगत होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात सूक्ष्मजीवांचा धडा होता. दुधाचं दही कसं होतं हे फळ्यावर लिहिताना माझा खडू थांबला. घरी आले. संजय अजून ऑफिसातच होता. बादलीचं झाकण काढलं, डावभर दही आत सोडलं, ढवळलं आणि डाव दोनदा घासून ठेवला.

बाटल्या भरायच्या दिवशी त्याने ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला. चेहरा आक्रसला. पुन्हा एक घोट घेतला, आता तरी बरी लागेल अशा आशेने. मग तो तिथेच फरशीवर बसला. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"जाऊ दे," मी म्हटलं. "ओतून टाक. खलास."

"ही शेवटचीच होती," तो म्हणाला. "त्या अर्शचा मेसेज आल्यापासून मलाही झोप नाही. ही झाली की बादली फेकून देणार होतो, तुला सरप्राइज म्हणून. पण माझंच काहीतरी चुकलं बघ. अशी नासवून कसं थांबू? आता एकदाच, नीट. इन्शाल्ला, मग नाव घेणार नाही."

आणि त्याने कपाटातून माल्टची उरलेली पिशवी काढली.

म्हणजे पुन्हा ते आठवडे. पुन्हा ती लिफ्ट, ती बेल. मीच आणले होते ते.

"मी घातलं," मी म्हटलं.

"काय?"

"दही. डावभर. तू ऑफिसात होतास तेव्हा."

तो ओरडेल असं वाटलं. त्याने ग्लास उचलून पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"म्हणजे बिअर चांगलीच झाली होती?"

"हो. तुझं काही चुकलं नव्हतं."

त्याचा चेहरा सैलावला. उठला, बादली बाथरूममध्ये नेऊन रिकामी केली, पिशवी फोडून माल्टही वाहवलं. बादली धुऊन पालथी घातली आणि हात पुसत म्हणाला, "सांगायचं तरी होतंस."

"किती वेळा सांगितलं, संजय."

"सांगितलंस. आणि मग माझ्या मागून केलंस."

त्यानंतर घरात बिअर झाली नाही. कोणी आलं नाही, काही झालं नाही, मिहिकाची परीक्षा पार पडली. मी पुन्हा झोपते. फक्त मी चहाचा कप पुढे केला की संजय आधी त्याचा वास घेतो. हसत घेतो, पण घेतो.