भिंतीपलीकडची फायटिंग

मोताळ्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सुचिताचं घर आणि नारायणरावांचं घर एकाच भिंतीला टेकून उभी होती. भिंत एका विटेची. इकडे कुणी शिंकलं तर तिकडे कळायचं. भिंतीच्या अलीकडे सुचिताचं पिको-फॉलचं मशीन होतं आणि पलीकडे नारायणरावांची खाट.

नारायणरावांना गल्लीत सगळे नाना म्हणत. बायको वारल्यावर ते पडले, कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकरशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. मुलगी छाया साखरखेर्ड्याला दिलेली. घरात होता तो मुलगा हरिओम. खताच्या दुकानात कामाला जायचा, सकाळी बापाला आंघोळ घालायचा, दोन वेळचा स्वयंपाक करायचा. त्याची बायको माहेरी गेली ती परत आली नव्हती, आणि त्याचाही दोष गल्लीनं त्या बाईलाच दिला होता. म्हाताऱ्याचं करायची तयारी नसेल, असं म्हणून लोकांनी विषय संपवला. समोरच्या अन्नपूर्णाबाई तर त्याला श्रावणबाळच म्हणायच्या.

रविवारी दुकान बंद. दुपारचं जेवण झालं की हरिओम दार लोटून घ्यायचा आणि टीव्हीला पेन ड्राइव्ह लावायचा. मग भिंतीपलीकडून जुन्या हेरगिरीच्या पिक्चरांचा आवाज सुरू व्हायचा. हिंदीत डब केलेले परदेशी पिक्चर. आवाज इतका मोठा की सुचिताच्या खिडकीची काच थरथरायची. एकदा हरिओमनं स्वतःहून येऊन माफी मागितली होती. बाबांना आता फारसं ऐकू येत नाही, आणि ह्या फायटिंगच्या पिक्चरांचं त्यांना वेड आहे, एवढाच एक आनंद उरला आहे त्यांना, असं तो म्हणाला होता.

सुचितानं मनापासून सांगितलं होतं की तिला काही त्रास नाही. खोटं नव्हतं ते. तिचं माहेर रोहिणखेडचं. लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि तिचे वडील तिला आणि भावाला खांद्यावर-कडेवर घेऊन जायचे. सूट घातलेला देखणा हेर, रेल्वेचा बंद डबा, समोर तितकाच तगडा गडी. हातात बंदूक नाही. मग जे व्हायचं ते डोळ्यांवर हात ठेवून, बोटांच्या फटीतून ती बघायची. घरी आल्यावर भाऊ-बहीण गाद्यांवर तीच फायटिंग करायचे, तोंडानं आवाज काढत.

म्हणून रविवारी साडीला फॉल लावता लावता ती भिंतीकडे कान देऊन बसायची. न बघता तिला कळायचं की आता डब्याची काच फुटली, आता बॅग डोक्यात घातली, आता दोघं खाली पडले. एका रात्री जेवताना तिनं नवऱ्याला, प्रेमला, सांगितलंही होतं की चांगल्या फायटिंगला संगीत नसतं, नुसते श्वास आणि दणके असतात. आणि तो मार खाणारा माणूस कसा कण्हतो, खराच वाटतो अगदी. प्रेम हसला होता. बायकांना सिरियल आवडते, हिला मारामारी, असं म्हणाला होता.

त्या रविवारी ऊन मी म्हणत होतं. प्रेम एका साखरपुड्याला बुलढाण्याला गेलेला. सुचितानं जेवण उरकून मशीन सुरू केलं. पलीकडे पिक्चर लागला होता. गाडीच्या चाकांचा आवाज आला, शिटी झाली, आणि तिला कळलं की आता डब्यातली फायटिंग. काच फुटली. पहिला दणका बसला.

तेवढ्यात लाइट गेली.

मशीनची सुई कापडातच थांबली. पंखा हळूहळू मंदावला. गल्लीतले कूलर एकदम गप्प झाले आणि दुपार अशी शांत झाली की दूरच्या रस्त्यावरची एसटी ऐकू यावी. पलीकडचा टीव्हीही अर्थातच बंद पडला.

आणि भिंतीवर दणका बसला.

सुचिताला आधी काही वेगळं वाटलंच नाही. कान सवयीचे होते. दुसरा दणका बसला आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेली मापाची पट्टी हलली, तेव्हा तिचे हात जागच्या जागी राहिले. नानांकडे इन्व्हर्टर नव्हता. तिनं पंख्याकडे पाहिलं, मग मशीनच्या दिव्याकडे. सगळं बंद होतं. तिसऱ्या दणक्यामागोमाग कुणीतरी कण्हलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. प्रेमजवळ ज्याची तारीफ केली होती, तोच.

तिनं कान भिंतीला लावला. पलीकडे हरिओम बोलत होता. ओरडत नव्हता, लहान पोराला अभ्यास विचारावा तसा हळू विचारत होता.

"ताट सांडलं काऊन? सांग ना. काऊन सांडलं?"

आणि पुन्हा दणका.

ती स्टुलावर बसली आणि लगेच उठली. चोर घुसला असेल, दोघांनाही मारत असेल, असा एक वेडगळ विचार तिच्या डोक्यात आला, आणि तो खरा असावा असं तिला क्षणभर वाटलंसुद्धा. मग ती मागच्या दारानं परसात गेली, मधलं बुटकं कुंपण ओलांडलं. उकाड्यामुळे त्यांचं मागचं दार उघडंच होतं.

आत खाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत नाना बसले होते. वरण-भात फरशीवर पसरला होता. वॉकर पार दुसऱ्या कोपऱ्यात, हाताला येणार नाही असा ठेवलेला. हरिओमनं डाव्या हातानं त्यांची बंडी धरली होती आणि उजव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळला होता. वळ उठू नयेत म्हणून. प्रत्येक फटक्याला नाना भिंतीवर आपटत होते. त्यांनी हात वर केला नव्हता. उजव्या मुठीत चष्मा होता. मार सुरू व्हायच्या आधी त्यांनी तो स्वतःच काढून घेतला होता.

पिक्चरमध्ये दोघंही मारायचे. पडलेला उठायचा, उलटून यायचा. हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

हरिओमला ती दिसली. त्यानं बंडी सोडली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "वयनी, बाबा पडले होते. उचलून राह्यलो त्यायले."

त्याच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा नीट होता. इतकी वर्षं ज्याला चांगलं म्हटलं त्यावर विश्वास ठेवणं किती सोपं असतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिचं मन तिकडे वळतही होतं. तिनं त्याच्याकडे न बघता, दारातूनच, जेमतेम ओठ हलवून विचारलं, "नाना, पाणी देऊ?"

"दे वं माय," नाना म्हणाले.

त्यांना सगळं ऐकू येत होतं.

हरिओमनं बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि एक पाऊल पुढे आला. सुचितानं आत शिरून कोपऱ्यातला वॉकर उचलला आणि दोन्ही हातांनी आडवा धरला. मग तिच्या तोंडून किंकाळी निघाली, आणि एकदा निघाल्यावर थांबेना. अन्नपूर्णाबाई धावत आल्या, त्यांच्यामागे आणखी चारजणी.

हरिओम पळाला नाही. खाटेवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. मी एकटा किती करू, रात्रंदिवस किती करू, असं म्हणत राहिला. एक बाई हळूच म्हणालीही की थकून जातो माणूस, घरातलं घरात मिटवावं. अन्नपूर्णाबाईंनी मात्र नानांची बंडी वर केली. पाठीवर जुने पिवळे पडलेले डाग होते, नव्या लाल डागांच्या खाली. त्या भिंतीला टेकल्या. त्यांनीच नंतर पोलिसांना फोन केला.

पोलीस येईपर्यंत सुचितानं नानांना आपल्या घरी आणून बसवलं. अन्नपूर्णाबाई आणि ती, दोघींनी मिळून उचललं तर ओझं असं काही नव्हतंच. ती त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, ती तिनं शेवटी विचारली.

"नाना, हाक काऊन नाई मारली? मी इकडंच तं होती."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिला समजत कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटत असावं.

"मारली ना. लय खेपा मारली. तो आवाज वाढवे, मंग मी ओरडो. तुले वाटलं असन, पिक्चरातला मानूस ओरडून राह्यला."

सुचितानं चमचा वाटीत ठेवून दिला. पुढे कितीतरी वेळ नाना आणखी काही सांगत होते, पिक्चर आपल्याला कधी आवडलेच नाहीत, खाटेवर आपलं तोंड भिंतीकडे असायचं. ती मान हलवत होती, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

जबाब घ्यायला आलेल्या महिला पोलिसानं विचारलं की हे आवाज तुम्हाला कधीपासून येत होते. सुचिता म्हणाली, "दर रविवारी यायचे."

छाया संध्याकाळी साखरखेर्ड्याहून गाडी करून आली. तिला काहीच माहीत नव्हतं. फोनवर भावाला विचारलं की तो म्हणायचा, बाबांना फोनवर ऐकू येत नाही. तिनं वडिलांना दवाखान्यात नेलं, तपासण्या करवल्या आणि तिथूनच आपल्या घरी घेऊन गेली. हरिओमवर गुन्हा नोंदवला गेला. जामिनावर सुटल्यावर तो गल्लीत आला नाही. घराला कुलूप लागलं.

त्या रविवारी प्रेम परतला तेव्हा अंधार पडायला आला होता. सुचितानं त्याला सगळं क्रमानं सांगितलं. कण्हण्याच्या आवाजापाशी आली आणि भिंतीकडे बघू लागली. जेवताना तिनं केलेली ती तारीफ प्रेमला आठवली असणार. त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं, उठला, आणि मशीन भिंतीपासून ओढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.