झिपरूच्या डोळ्यांवरची पट्टी

मुलांनो, एक चेहरा डोळ्यांसमोर आणा बरं. केस, भुवया, पापण्या, सगळं वाळल्या गवतासारखं पिवळट. कातडी सायीसारखी, पण उन्हाने लाल, खरखरीत झालेली. डाव्या गालावर रुपयाएवढी, कधीच न भरणारी जखम. आणि डोळे? फिकट, पाणीदार, सारखे इकडून तिकडे हलणारे. दिसला? मग नीट बघून ठेवा. थोड्या वेळाने हे डोळे झाकले जाणार आहेत.

हा पेठकडचा झिपरू. जन्मापासून त्याच्या अंगात रंग तयारच होत नव्हता. लोक कोड म्हणत, पण ते कोड नव्हतं. रंग नसला की कातडीला उन्हापासून राखणारं काही उरत नाही, आणि झिपरू तर जन्मभर उघड्या अंगाने नागलीच्या शेतात राबलेला. नाशकात पेठ नाक्याजवळ डॉक्टर वेणीमाधव यांचा दवाखाना होता. ते अशाच माणसांचा अभ्यास करत होते. चार वर्षांत त्यांना अकरा जण सापडले. त्यातल्या पाचांना ऐन तिशीत कातडीचा कॅन्सर झाला होता. लहानपणापासून टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मिळाला असता तर ही माणसं कदाचित वाचली असती, हे त्यांना वैद्यकीय मासिकात छापून आणायचं होतं.

१९७७च्या जानेवारीत त्यांनी झिपरूचा फोटो काढला. झिपरूच्या जन्मातला तो पहिलाच. मागे चादर धरून उभी होती डॉक्टरांची दहा वर्षांची सुमेधा. झिपरूने वळून बघितलं आणि म्हणाला, "पांढऱ्या माणसामागं पांढरी चादर. मी दिसंन का गं पोरी?"

सुमेधा इतकी हसली की चादर हलली आणि फोटो पुन्हा काढावा लागला.

मासिकाने फोटो परत पाठवला. रुग्ण ओळखू येता कामा नये, डोळ्यांवर काळी पट्टी रंगवून पाठवा, असं पत्र होतं. तशी रीतच होती. सुमेधाचा हात स्थिर, म्हणून बाबांनी ते काम तिला दिलं. "ड्रॉइंगची काळी शाई घे," ते म्हणाले. "ती कायमची असते."

फोटोत ते डोळे थांबलेले होते. सुमेधाने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. कायमची हा शब्द काही तिच्या मनातून जाईना. शेवटी तिने बाटली तशीच ठेवली आणि शाळेची, पाण्यात कालवायच्या रंगांची पेटी काढली. चकचकीत कागदावर रंग धरेना. तीनदा कुंचला फिरवला तेव्हा कुठे डोळे पुरते झाकले. बाबांना तिने काही सांगितलं नाही.

लेख छापून आला, फोटो परत आला आणि बाबांच्या कपाटात गेला. तोवर झिपरू वारला होता. त्या दिवसापासून ते कपाट सुमेधाला नको झालं. भर दुपारीही तिला वाटे, त्या पट्टीखाली डोळे हलताहेत, इकडून तिकडे, वाट शोधत. बाबांच्या मासिकांत पट्टीवाले इतर चेहरे दिसले की ती पान उलटून टाकी. आपणच एका माणसाचे डोळे मिटले, हे ती कुणाला सांगणार?

१९७९च्या उन्हाळ्यात ठमाबाई आली, झिपरूची बायको. कडेवर दीड वर्षाची काळीसावळी पोर. झिपरू गेला तेव्हा ती पोटात होती. घरी त्याचा एकही फोटो नव्हता. तुम्ही काढलेला द्या, म्हणून ती एसटीने आली होती.

बाबांनी कपाट उघडलं. फोटो हातात घेऊन ठमाबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिने अंगठा हळूच त्या पट्टीवर ठेवला.

"हे काय केलंत, डाक्टर?"

बाबांनी समजावलं. ओळख लपावी, त्याची कुणी टर उडवू नये, म्हणून. निगेटिव्ह गेल्या पावसाळ्यात दमट होऊन चिकटून गेली होती, तेही सांगितलं. ते सांगताना त्यांची मान खाली होती.

"साऱ्या गावात तेचे डोळे तेवढे हलायचे," ठमाबाई म्हणाली. "माझ्याकडं बघताना थांबायचे. ही पोर इचारंल, बाप कसा होता, तर काय दावू? हा गालावरचा रोग?"

पुसायचा प्रयत्न केला तर शाई निघायची नाही, उलट फोटोचं कातडंच निघून येईल, बाबा म्हणाले. ही एकच प्रत उरली आहे. आहे तशी घेऊन जा.

ठमाबाईने फोटो पदरात गुंडाळायला घेतला.

सुमेधा दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. सांगावं तर बाबांची आज्ञा मोडल्याचं उघड होणार. आणि दोन वर्षांत रंग कागदात मुरला असेल तर? पुसताना डोळेच गेले तर? ती पुढे आली.

"बाबा, ती शाई नाहीये."

ठमाबाईने पदर सोडवला आणि फोटो टेबलावर ठेवला.

सुमेधाने ड्रेसिंगच्या डब्यातून कापसाचा बोळा घेतला, पाण्यात बुडवून घट्ट पिळला, आणि श्वास धरून तो पट्टीच्या एका टोकाला लावला.