अर्धं माप

औषध पोटात गेलं की भिंती मऊ होतात. खरंच सांगते, थट्टा नाही. मग पलंग हलकेच सुटतो आणि मी शाळेच्या व्हरांड्यात पोचते. तिथे घोट्याएवढं कोमट पाणी असतं आणि माझी गेलेली थोरली बहीण वेणी घालता घालता मला रागावत असते. हाडांतल्या कॅन्सरला तिथला पत्ता सापडत नाही.

पण हल्ली पाण्याला पाय लागायच्या आतच दुखणं मला खेचून परत आणायचं. मी उशी चावायची, आणि आमचे हे जवळ बसून माझे तळवे चोळायचे.

"चोळू नका हो, जीव नकोसा झालाय!" मी खेकसायची. हे चोळतच राहायचे.

आज सकाळी हॉस्पिसची नर्स घरी आली. "काकू, दहापैकी किती दुखतंय?"

"नऊ. आणि वरचा एक तुझ्या काकांच्या चोळण्याचा."

ती हसली नाही. तिने मॉर्फीनची बाटली उजेडात धरली. एव्हाना औषध तळाला जायला हवं होतं, पण बाटली अजून निम्मी भरलेली होती.

"काका?"

जन्मभर गिऱ्हाइकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवताना ज्यांचा हात कधी हलला नाही, त्यांनी तो पाठीमागे लपवला. "अर्धंच देत होतो. पूर्ण घेतलं की ही लांब जाते. झोपेत कुणाशी तरी हसते. तिकडेच राहिली तर?"

अस्सा संताप आला मला! कशात हात आखडावा याला काही मर्यादा? पण त्यांचे डोळे भरलेले पाहिले आणि शिव्या घशातच राहिल्या.

"डॉक्टरांनी बेतून दिलाय डोस, त्याने काकू जाणार नाहीत," नर्स त्यांच्याजवळ बसली. "अर्ध्या डोसात त्या तुमच्याजवळ राहत नाहीत, काका, नुसत्या दुखण्याजवळ राहतात. वेळ झाली की पूर्ण द्या. काही वाटलं तर मला फोन करा."

ती गेल्यावर यांनी औषध मापात ओतायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबले.

"तिकडे मी असतो का गं?"

खोटं बोलता आलं असतं. पण ते मला लग्नापासून कधी जमलंच नाही.

"नाही. तुम्ही नसता," मी म्हटलं. "म्हणून तर दर वेळी परत येते."

यांनी बाहीला नाक पुसलं, रेघेपर्यंत माप भरलं आणि माझ्या ओठांना लावलं.