ऊर्होच्या ट्रकची टाकी

काढा, काढा फोटो. चाकावर पायही ठेवा, सगळेच ठेवतात. पण काढून झाला की जरा थांबा. या संग्रहालयासमोरचा हिरवा ट्रक आज तुमच्याशी बोलतोय. खरं तर मी लाल होतो. पण रंग कोणता द्यायचा यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या आणि शेवटी कुणाच्या तरी कुंपणाचा उरलेला रंग मला फासला. परवा एक बाई मला विचारत होती, "किती झाडं मारलीस रे?" जसा काही मीच कुऱ्हाड घेऊन हिंडत होतो!

ऑरेगॉनच्या या डोंगरात मी एकोणीसशे एकोणपन्नास साली आलो. नवाकोरा होतो. पहिला ओरखडा पहिल्याच आठवड्यात पडला, तो ऊर्होनं पाडला. ऊर्हो लाहतेला हा माझा ड्रायव्हर. फिनलंडहून आलेल्या फिन लोकांच्या वस्तीतला, बोलायला महाग. एकतीस वर्षं त्यानं मला चालवलं आणि एकदाही माझी तारीफ केली नाही.

एक मात्र मानलं पाहिजे. ओंडक्यांवरून पाय घसरू नये म्हणून इथले लाकूडतोडे खिळ्यांचे बूट घालतात. बाकीचे ड्रायव्हर तेच बूट घालून गाडीत चढायचे आणि तळाची चाळण करायचे. ऊर्हो बूट पायरीवरच काढायचा आणि लोकरी मोज्यांवर गाडी चालवायचा. ओले मोजे माझ्या हीटरवर वाळत. तो वास अजून गेलेला नाही, कमिटीनं काय वाटेल ते फवारलं तरी.

आता टाकीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरूनच घडलं. पाठीवर ओंडके घेऊन उतार उतरताना ब्रेक तापून लाल होतात. म्हणून माझ्या केबिनमागे पाण्याची टाकी आहे. केबिनमधला नळ उघडला की ब्रेकवर पाण्याची धार पडते. वरच्या कॅम्पात ओढ्याचं पाणी एका लाकडी पन्हळीतून यायचं, तिथं जो तो टाकी भरून घ्यायचा. नियम एकच होता. आपली टाकी आपण भरायची, दुसऱ्याच्या टाकीला हात लावायचा नाही. "तुझीही भरली बरं का," असं एकदा कुणीतरी कुणाला म्हणालं होतं, आणि विश्वास ठेवणारा त्या दिवशी घरी पोचला नाही. तेव्हापासून हा नियम लोक देवाच्या आज्ञेसारखा पाळत.

ऊर्हो टाकी भरून झाली की तिच्यावर दोन थापा मारायचा. धप्प, धप्प. मग म्हणायचा, "भरलं रे, चल." दिवसभरातलं त्याचं बोलणं एवढंच. पन्हळीसमोरच कॅम्पाचं स्वयंपाकघर होतं आणि तिथं सायमा पाव भाजायची. त्या थापा ऐकून ऐकूनच ती त्याच्याशी लग्नाला तयार झाली असणार, कारण दुसरं काही तो बोललाच नसेल.

वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ऊर्हो गेला. जाताना म्हणाला, "त्या काळ्या चकचकीत गाडीतून मला नेऊ नका. माझ्या ट्रकवरून न्या." मी तर एकोणीस वर्षं जागचा हललो नव्हतो! सायमा तडक माझ्याकडे आली. गुरुवार होता, म्हणजे ड्यूई आणि ऑसी हजर होते. हे दोघे म्हातारे ड्रायव्हर दर गुरुवारी मला दुरुस्त करायला येतात. दुरुस्त करायला म्हणजे भांडायला.

"कार्ब्युरेटर गेलाय, मी सांगतो ना," ड्यूई म्हणत होता.

"सत्तावन्न सालीही तू हेच सांगत होतास. तेव्हा पेट्रोल संपलं होतं," ऑसी म्हणाला.

"पुढच्या शनिवारी पुरायचंय त्याला," सायमा म्हणाली. "तोवर तुमचं आटपेल का?"

आटपलं, खोटं कशाला बोलू. नऊ दिवस दोघं राबले. इंजिन धडधडलं, तेव्हा ऑसी रडला आणि धूर डोळ्यांत गेला म्हणाला. टायर नवे, भोंगा नवा, पाठीवर फर झाडाचे तीन दणदणीत ओंडके. ओंडक्यांशिवाय ट्रक कसला, म्हणे! म्हणजे जेवणाचा सगळा थाट करावा आणि मीठच विसरावं, तसं झालं. केबिनमागे कुणी फिरकलंच नाही.

शनिवारी चर्चसमोर ऊर्होची पेटी ओंडक्यांवर चढवून साखळ्यांनी आवळली. माझ्यामागे चौदा ट्रक, सगळ्यांचे दिवे लावलेले. चर्च टेकडीवर आणि कबरस्तान खाली नदीकाठी, मधे दोन मैलांचा वळणावळणाचा उतार. ड्यूई स्टिअरिंगवर बसला. त्याच्या शेजारी बसायला आलेल्या सायमानं पायरीवर बूट काढले, तेव्हा ड्यूईलाही मुकाट्यानं खाली उतरून काढावे लागले.

मी जीव तोडून ओरडत होतो. पण ट्रक ओरडला की लोकांना वाटतं, जुनी गाडी आहे, खडखडणारच. ड्यूईनं गिअर टाकला.

"थांब," सायमा म्हणाली.

"आता काय?"

"थापा नाही ऐकू आल्या."

ती तशीच अनवाणी खडीवर उतरली, मागे आली आणि टाकीवर हात मारला. ढम्म! पोकळ आवाज साऱ्या अंगणानं ऐकला.

"ड्यूई, पाणी?"

"मी कसा हात लावू? ऊर्होची टाकी ना ती."

"ऑसी?"

"ज्याची त्यानं भरायची..." ऑसीचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. दोघांनी हळूच वर पेटीकडे पाहिलं.

"मग उठवू का त्याला?" सायमा म्हणाली.

मग एकच धावपळ. चर्चच्या नळापासून माझ्यापर्यंत बादल्यांची रांग लागली. पाद्रीबुवा फुलदाण्याही बादल्यांत रिकाम्या करू लागले. ड्यूई बादली ओतायला पुढे झाला, तशी सायमानं ती हिसकावली. "आजपासून टाकी माझी," ती म्हणाली आणि ऐंशीच्या घरातली ती बाई पायरीवर उभी राहून प्रत्येक बादली स्वतः ओतत राहिली. शेवटी दोन थापा मारल्या. धप्प, धप्प. "भरलं रे," म्हणाली. ‘चल’ न म्हणताच ती केबिनमध्ये शिरली.

पहिल्याच वळणावर ड्यूईनं नळ उघडला. वाफ उसळली आणि तिला लिलीच्या फुलांचा वास होता. मागच्या चौदा ड्रायव्हरांनी टोप्या काढल्या. मी ऊर्होला एकही झटका न देता खाली नेलं. एवढा जपून मी कधीच उतरलो नव्हतो.

झालं. मी पुन्हा इथं उभा, आणि गुरुवारची भांडणं पुन्हा सुरू. पण माझी खरी चिंता वेगळी आहे. सायमानं दोघांना बजावून ठेवलंय, "मलाही यावरूनच न्यायचं." दोघांनी मान डोलावली. इंजिन पुसतात, भोंगा वाजवून बघतात. टाकीला मात्र बोट लावत नाहीत. का? तर आता ती सायमाची टाकी! या माणसांपुढे डोकं आपटायला मला भिंतही मिळत नाही.

म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्ही काही ड्रायव्हर नाही, तुम्हाला हा नियम लागू नाही. केबिनमागे या आणि टाकीवर दोन थापा मारा. ढम्म वाजलं ना? बादली तिकडे दाराशी आहे, नळ तिच्या शेजारीच. सायमाला काल इथल्या पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागलं.